हरसूलला उतरवलेला मोती

काल द्राक्षांचे क्रेट टेम्पोत चढवत होतो. त्यांचा आंबूस वास नाकात असतानाच लेकीचा फोन आला. "बाबा, घरात लहान मूल आहे, कोणत्या जातीचा कुत्रा घेऊ?"

ती दोन वर्षांची असताना तिने आमच्या गावठी मोतीच्या दुखऱ्या कानात बोट घातलं होतं. तो फक्त गुरगुरला. मी त्याला टेम्पोत घातलं. मळ्यात जायचंय समजून तो क्रेटांमध्ये शेपटी हलवत बसला. हरसूलच्या बाजारात त्याला उतरवलं.

"ओ दादा, तुमचं कुत्रं राह्यलं!" भाजीवाली ओरडली.

"माझं नाय," म्हणालो. घरी सांगितलं, पळून गेला.

"जात राहू दे," लेकीला म्हटलं, "चावण्याआधी गुरगुरणारा बघ."

"म्हणजे आपल्या पळून गेलेल्या मोतीसारखा?"

मी कालही "हो"च म्हणालो.