सावेबाईंचं टेंडरचं टेबल

मंगला सावे लग्न होऊन सिल्वासाला आल्या ते साल एक्याऐंशी. वापी स्टेशनाबाहेर कंडक्टर सिल्वासाचंच ‘सेलवास, सेलवास’ करून ओरडत होता, आणि आपल्याला जायचंय ते गाव दुसरंच, असं समजून त्या बसमध्ये चढल्याच नाहीत. नवरा जयवंतराव सामान घेऊन आत बसलेला, खिडकीतून हात हलवतोय, आणि या खाली उभ्या. जयवंतराव हा किस्सा शाळेच्या स्टाफरूममध्ये पुढे वर्षानुवर्षं सांगत, आणि दर वेळी त्यात थोडी भर घालत.

केळव्याच्या वाडीत वाढलेल्या मुलीला सिल्वासा आधी रुक्ष वाटलं. समुद्र नाही, ताजं म्हावरं नाही, संध्याकाळी खारा वारा नाही. टोकरखाड्याला दोन खोल्यांचं बिऱ्हाड, घरमालकीण गुजराती, शेजारी कोकणातले एक तलाठी. पण सहा महिन्यांत त्या रुळल्या. भाजी गुजरातीत घ्यायची, ऑफिसात हिंदी बोलायचं, घरी आल्यावर आपली केळव्याची बोली. रविवारी सकाळी बसने दादऱ्याला जायचं, तळ्याकाठच्या बागेत डबा उघडायचा आणि दुपारच्या बसने परत. आंबा मोहरला की सगळ्या गावाला त्याचा वास यायचा. तेव्हा कारखाने नुकतेच येऊ लागले होते. पुण्या-नाशकाचे इंजिनियर खोल्या शोधत फिरायचे आणि घरमालक त्यांना पाहून भाडं वाढवायचे.

ब्याऐंशी साली मंगलाबाईंना एका सरकारी बांधकाम कचेरीत कारकुनाची नोकरी लागली. टायपिंग चांगलं, अक्षर त्याहून चांगलं, म्हणून वर्षभरात त्यांच्याकडे टेंडरचं टेबल आलं. रस्ते, मोऱ्या, शाळेच्या खोल्या, विहिरींची दुरुस्ती, जे काही सरकारला बांधायचं असेल त्याची जाहिरात काढायची, कोरे फॉर्म विकायचे, आलेले बंद लखोटे पेटीत पडतात का ते पाहायचं, आणि ठरल्या दिवशी ते उघडून कुणाचा दर किती याचा तक्ता करायचा. सर्वांत कमी दर त्याला काम. कागदावर तरी एवढं सोपं.

सोपं नव्हतं हे कळायला त्यांना फार वेळ लागला नाही. जाहिरात म्हणजे कचेरीच्या फळ्यावर चिकटवलेला एक इंग्रजी कागद. फॉर्म मिळणार फक्त याच कचेरीत, मुदत संपायच्या आधीचे दोन दिवस, अकरा ते एक. आणि त्या दोन दिवशी व्हरांड्यातल्या बाकावर भगवंतभाई ठेकेदारांची माणसं बसलेली. कुणी नवखा फॉर्म घ्यायला आला की त्याला आधी चहा पाजायचे. चहा पिऊन तो बहुतेक वेळा तसाच घरी जायचा. मग पेटीत बरोबर तीन लखोटे निघायचे, त्यातले दोन नावापुरते. एकदा तक्ता करताना मंगलाबाईंच्या लक्षात आलं की तिन्ही फॉर्मांत ‘फॉर्टी’ या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये एकच चूक आहे, मधे एक जादा ‘यू’. त्यांनी ते कार्यकारी अभियंत्यांना, विश्वनाथ पाध्ये साहेबांना दाखवलं. पाध्ये नाशिकचे, सरळ गृहस्थ, निवृत्तीला सहा वर्षं राहिलेली. त्यांनी चष्मा पुसला, तिन्ही फॉर्म पाहिले आणि म्हणाले की शुद्धलेखन ही काही टेंडर रद्द करायची अट नाही.

साल सत्त्याऐंशी. गलोंड्याच्या पलीकडे एका पाड्यावर शाळेच्या दोन खोल्या बांधायच्या होत्या. त्याच पाड्यावर झिपरू वरठा नावाचा गवंडी राहायचा. बारा-पंधरा गवंडी आणि बिगारी जमवून त्याने मजुरांची सहकारी संस्था काढली होती. ठेकेदारांच्या हाताखाली निम्म्या तालुक्याच्या भिंती या लोकांनीच उभ्या केल्या होत्या. आपल्या पाड्याची शाळा आपण स्वतःच्या नावावर बांधावी, असं झिपरूच्या मनात आलं.

पहिल्या दिवशी फॉर्म घ्यायला आला तेव्हा व्हरांड्यातल्या माणसांनी त्याला फॉर्म संपले म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाई रजेवर आहेत म्हणाले. बाई आत खिडकीशी बसल्या होत्या आणि त्यांना सगळं ऐकू येत होतं. त्या उठून बाहेर आल्या, झिपरूला आत बोलावलं, पावती फाडली आणि फॉर्म त्याच्या हातात ठेवला. तो इंग्रजीत कसा भरायचा, असं त्याने विचारलं. जयवंतरावांनी तो अर्ध्या तासात भरून दिला असता. पण टेंडरच्या टेबलावर बसणारीच्या नवऱ्याने कुणाचा फॉर्म भरावा हे मंगलाबाईंना पटेना. घरी त्यांनी विषयही काढला नाही. झिपरूने मग पाड्यावरच्या मास्तरांना गाठलं.

मुदत शनिवारी दुपारी तीनची. झिपरू सव्वादोनला फाटकाशी पोहोचला. तिथे उभ्या असलेल्या दोघांनी त्याला अगदी आपुलकीने सांगितलं की पेटी आज इथे नाही, गावाच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या कचेरीत ठेवली आहे. तो तिकडे चालत गेला, तिथे दोन-तीन ठिकाणी विचारलं, आणि धावत परत आला. तोवर पेटीच्या फटीवर लाख लागली होती. पाध्ये साहेबांच्या खोलीत तिघे ठेकेदार खुर्च्यांवर बसले होते आणि मंगलाबाई पहिला लखोटा कापायला घेत होत्या. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून सात मिनिटं झाली होती.

झिपरू दारात उभा राहिला. घामाने भिजलेला, लखोटा दोन्ही हातांत धरलेला. काय झालं ते त्याने चार वाक्यांत सांगितलं. भगवंतभाई खिडकीबाहेर पाहत राहिले. पाध्ये साहेबांनी मंगलाबाईंकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यातच निर्णय त्यांच्यावर सोडला.

मंगलाबाईंना ठाऊक होतं की हा माणूस खरं बोलतोय. खोलीतल्या प्रत्येकालाच ते ठाऊक होतं. पण त्यांना हेही ठाऊक होतं की आज झिपरूसाठी घड्याळ सात मिनिटं मागे घेतलं, तर उद्यापासून ते दुसऱ्यांसाठी रोज मागे जाईल, आणि त्या दुसऱ्यांचे हात झिपरूपेक्षा लांब आहेत.

“वेळ टळली. घेता येणार नाही,” त्या म्हणाल्या. लखोट्यावर त्यांनी ‘उशिरा आला, न उघडता परत’ असं लिहिलं, वेळ टाकली आणि खाली सही केली.

झिपरू लखोट्याकडे बघत राहिला. “बाय, मी तं आलेलो ना,” एवढंच तो म्हणाला.

त्याने किती दर भरला होता हे कधीच कुणाला कळलं नाही. काम भगवंतभाईंना मिळालं. खोल्या बांधून झाल्या, आणि त्या बांधायला रोजंदारीवर झिपरूचीच माणसं होती.

मंगलाबाईंनी त्या रात्री घरी सगळं सांगितलं. नियम पाळला यात चूक नव्हती, हे जयवंतराव त्यांना समजावत. मंगलाबाईंचं म्हणणं वेगळंच होतं. नियम पाळल्यावर वाईट वाटतंय, म्हणजे नियमातच काहीतरी गोम आहे, आणि रोज तो हाताळणाऱ्या कारकुनाला ती दिसत नसेल तर दुसऱ्या कुणाला दिसणार? पंधरा दिवसांनी त्यांनी एक टिपणी लिहिली. कुणाची तक्रार नाही, कुणाचं नाव नाही. फॉर्म एकाच खिडकीत का विकायचे, आतल्या भागातल्या लोकांसाठी खानवेलला आणि पोस्टाने का नको? जाहिरात फक्त इंग्रजीत का, मराठी-गुजरातीत काढून बाजाराच्या दिवशी वाचून का दाखवायची नाही? पेटी ज्या कचेरीचं काम तिच्याच खोलीत का ठेवायची? आणि लहान कामांना मजूर संस्थांकडून मोठी अनामत मागितली तर त्या येणार कुठून? साडेचार पानं झाली. शेवटी त्यांनी लिहिलं होतं की दर उघड्यावर, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचले जावेत, म्हणजे हरणाऱ्यालाही आपण किती फरकाने हरलो ते कळेल.

पाध्ये साहेबांनी टिपणी दोनदा वाचली.

“सावेबाई, चांगलं लिहिलंय,” ते म्हणाले. “पण हे वर पाठवलं तर तुमचं टेबल जाईल. माझीही बदली होईल.”

“मग नका पाठवू साहेब,” मंगलाबाई म्हणाल्या. “पण फाइलला लावून ठेवा. काढून टाकू नका.”

टिपणी चार महिने साहेबांच्या खणात पडून होती. मग एका सोमवारी, कुणाला काही न बोलता, त्यांनी खाली सही करून ती वर पाठवली. उत्तर आलं नाही. पावसाळा संपता संपता साहेबांची बदली दीवला झाली आणि मंगलाबाईंना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. निरोपाच्या दिवशी साहेबांनी त्यांच्या हातचा केळ्याचा हलवा मागून घेतला आणि दीवला समुद्र आहे, तेव्हा आपलं काही वाईट झालेलं नाही, असं हसत सांगितलं.

आवक-जावकची ती पाच वर्षं मंगलाबाईंना पुढे फार आठवत. अपमानाची वर्षं म्हणून नव्हे. काम कमी होतं, मुलगी जुई शाळेत जाऊ लागली होती, आणि दुपारच्या सुट्टीत सगळ्या बायका मागच्या व्हरांड्यात डबे उघडायच्या. कुणाच्या डब्यात ढोकळा, कुणाच्या डब्यात नागलीची भाकर, यांच्या डब्यात सुक्या बोंबलाची चटणी. शाकाहारी विजयाबेन नाक मुरडत चार हात लांब बसायच्या आणि तिथूनच सगळ्यांपेक्षा जास्त गप्पा मारायच्या. पण फळ्यावर नवं टेंडर लागलं की मंगलाबाई जाता-येता ते वाचायच्या, आणि उघडण्याच्या दिवशी लखोटे किती आले ते शिपायाला विचारायच्या. तीन, तो सांगायचा.

एक्याण्णवमध्ये हिशेब तपासणीसाठी मृणाल टिळेकर नावाच्या अधिकारी आल्या. वय तिशीचं, बोलणं मोजकं. पाच वर्षांत दर कामाला तीनच टेंडरं कशी, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. जुन्या फायली मागवल्या, त्यांत ती साडेचार पानं निघाली. त्यांनी मंगलाबाईंना बोलावलं, समोर बसवलं, आणि त्यांतली एकेक गोष्ट विचारायला सुरुवात केली. पोस्टाने फॉर्म पाठवला आणि पोचलाच नाही तर? पेटी दुसरीकडे ठेवली तर किल्ली कुणाकडे? मंगलाबाईंकडे प्रत्येकाचं उत्तर तयार होतं. चार वर्षं त्या मनातल्या मनात तेच करत आल्या होत्या. मृणालबाईंनी काही गोष्टी खोडल्या, काही बदलल्या. बाजारात दवंडी द्यायची कल्पना त्यांना पसंत पडली नाही, त्याऐवजी प्रत्येक पंचायतीच्या फळ्यावर मराठी आणि गुजराती नोटीस लावायचं ठरलं. बाकीचं बहुतेक तसंच वर गेलं. कागद फिरून यायला आणखी दीड वर्ष लागलं, पण आला तो मंजूर होऊन आला. मंगलाबाईंना टेंडरचं टेबल परत मिळालं.

नव्या नियमाने पहिली पेटी उघडली ती त्र्याण्णवच्या फेब्रुवारीत. काम लहानसंच, दोन मोऱ्यांचं. खोलीत माणसं मावेनात म्हणून टेबल व्हरांड्यात आणलं. दोन अधिकाऱ्यांनी दोन किल्ल्या लावून पेटी उघडली आणि लखोटे निघाले एकोणीस. दर मंगलाबाईंनी वाचायचे होते. आदल्या दिवशी जयवंतरावांनी त्यांना घरी उभं करून वाचायला लावलं होतं. शेवटच्या बाकावरच्या पोराला ऐकू गेलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. तरी पहिल्या दोन लखोट्यांना त्यांचा आवाज फुटेना. मागून कुणीतरी ‘जोरथी, बेन’ म्हणालं, तेव्हा कुठे तो मोकळा झाला.

सातवा लखोटा झिपरूच्या संस्थेचा होता. तो जिन्यापाशी उभा होता, केस पांढरे होऊ लागलेले. चौदाव्याला वापीच्या एका ठेकेदाराचा दर त्याच्याखाली गेला, तोही अगदी थोडक्यात. मंगलाबाईंचा आवाज क्षणभर अडखळला, पण पुढचे पाच लखोटे त्यांनी नीट वाचले. सगळं आटोपल्यावर झिपरू टेबलाशी आला. तो रागावला असेल असं त्यांना वाटलं होतं.

“या वख्ताला समजलं, बाय,” तो म्हणाला. “खडीचा भाव मी जास्ती धरला.”

पुढच्या वर्षी त्याला पहिलं काम मिळालं, खानवेलच्या रस्त्यावरच्या एका मोरीचं. नंतर आणखी काही मिळाली, काही हातची गेली. भगवंतभाईही टेंडरं भरत राहिले. एकदा फॉर्म घेताना ते मंगलाबाईंना म्हणाले की आता दर काढायला रात्रीचा दिवस करावा लागतो, मुलीला कॅल्क्युलेटर घेऊन शेजारी बसवतो. तक्रार होती, पण स्वरात राग नव्हता. सगळं स्वच्छ झालं असंही नाही. माणसं नव्या वाटा शोधतातच, आणि पंचायतीच्या फळ्यावरची नोटीस कुणी फाडली म्हणून मंगलाबाईंना दोनदा मुदत वाढवावी लागली. पण पेटीत पुन्हा कधी तीनच लखोटे निघाले नाहीत.

अठ्ठ्याण्णव साली जयवंतराव निवृत्त झाले आणि मंगलाबाईंनीही मुदतीआधी नोकरी सोडली. केळव्याची वाडी सांभाळायला कुणी उरलं नव्हतं. तोवर सिल्वासा ओळखू येईनासं झालं होतं. टोकरखाड्याच्या बिऱ्हाडाच्या जागी तीन मजली इमारत उठली होती, कारखान्यांच्या पाळ्या सुटल्या की रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसायची, आणि फेब्रुवारीत मोहराचा वास यायला आता गावाबाहेर जावं लागायचं. कचेरीत कॉम्प्युटर आला होता. तक्ता तोच करायचा, आणि नव्याने लागलेली ईशा तो दहा मिनिटांत छापून द्यायची. मंगलाबाईंना त्या यंत्राचं कौतुक वाटे आणि आपल्या हातच्या रेघांची आठवणही येई.

त्यांनी वाचलेली शेवटची पेटी आश्रमशाळेच्या कुंपणाच्या भिंतीची होती. सर्दीने घसा बसला होता. मी वाचते, असं ईशा दोनदा म्हणाली. मंगलाबाईंनी कोमट पाणी मागवलं आणि चोवीसच्या चोवीस लखोटे स्वतः वाचले, दर आकड्यात आणि मग अक्षरात. मागे जिन्यावर बसलेले चार गवंडी विड्या विझवून, माना पुढे काढून ऐकत होते.