घाटाची घोडी

आता ऐकाच माझी फजिती! तोंडानं सांगायची मला घरात बंदी झालीय, म्हणून लिहून सांगते. बंदी का, ते कळंल पुढं.

आमचं गाव आंबेगाव तालुक्याच्या पार पश्चिमेला. भाताची खाचरं संपली की डोंगरच. शहरातले पाहुणे आमच्याकडं उतरतात. त्यांना घोडीवर बसवून रानवाटा हिंडवाव्यात, असं माझ्या डोक्यात आलं.

मालक म्हणाले, "पिठलं-भाकरी बास हाय की. येखादा पडला तर परत कोण फिरकायचं न्हाई."

मी म्हटलं, "तुमी गप बसा."

ते बसले. लग्नापासून बसलेलेच आहेत.

गेलो घोडी घ्यायला पिंपरी पेंढारला. तिथल्या एका भाऊंनी तांबडी घोडी काढली. चाल काय राव तिची! रवाल चाल म्हणतात. घोडी झपाझप निघते, पण वरचा माणूस पाटावर बसल्यासारखा. भाऊ काठोकाठ चहा हातात धरून चक्कर मारून आले आणि खाली उतरून तोच चहा प्याले!

मी मनातून हरखले, पण दाखवते की काय? "चाल झ्याक हाय. पण मला घोडी घाटाची पायजे."

"घाटाची?" भाऊंचे डोळे चमकले. "मावशी, हिनं जुन्नर-आंबेगावातला येक घाट सोडला न्हाई!"

"चढाला दमत न्हाई ना?"

"ही दमती? बैल दमत्यात हिच्या मागं! पण मावशी, येक सांगायचं ऱ्हायलं. घाटात हिला..."

"घाट मला शिकवू नका! जलम घाटात गेला माझा."

घोडी घरी आली. रविवारी पुण्याच्या एक ताई आल्या. कंबर धरलेली, वर भित्र्या. म्हणाल्या, "आधी तुम्ही बसून दाखवा."

दाखवते की! साडीचा काचा मारला, बसले. घोडी निघाली, जशी पाण्यावर नाव. एवढ्यात मागून शेजारचा सखाराम बैल घेऊन आला. घुंगरं वाजली. घोडीचे कान ताठ!

मी वरडले, "आरं ए सख्या, बैल आवर!"

झालं! घोडी सुटली ती सुटलीच.

"थांब! अगं थांब! सटवे, थांब की!" मी जितकं बोंबलावं तितकं तिनं ताणून पळावं. मागं सखारामचे बैल उधळलेले, त्यांच्या मागं सखाराम. अंबाडा सुटला, एक चप्पल खाचरात, दुसरी कुठं गेली ते देवीलाच ठाऊक. चढावर देवीचं देऊळ आहे, तिथवर माझा घसा बसला. शब्द फुटेना.

आणि घोडी उभी! मान लववून अशी उभी, जसं काही हिच्यावर आता कोणी गुलालच टाकणार आहे.

घरी येऊन बसक्या आवाजात भाऊंना फोन लावला. "फसवलंत मला! ही कसली घाटाची?"

"घाटाचीच की मावशी! शर्यतीच्या घाटाची. बैलगाड्याच्या पुढं पळती ती."

अगं बाई! आमच्याकडं घाट म्हणजे कोकणात उतरायची वाट. त्यांच्याकडं घाट म्हणजे बैलगाडा पळवायची धावपट्टी. तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट, आणि मी जन्म घाटात घालवलेली बाई!

"तेच सांगत व्हतो," भाऊ म्हणाले. "मानसं जेवढी वरडतील तेवढी ती पळती. वरचं मानूस गप बसलं की थांबती. पण तुमी बोलू दिलं तर ना!"

फोन स्पीकरवर होता. मालक उठले. काही न बोलता ताईंना घोडीवर बसवलं, काही न बोलता अख्खी रानवाट फिरवून आणलं. ताई उतरल्या त्या खुशीत. "किती शांत घोडी हो! पुढच्या वेळी बहिणीलाही आणते."

म्हणजे धंदा चालला. घोडीत खोट नाहीच.

परवा मी चुलीपुढून मांजरीवर जरा आवाज चढवला. बाहेर बघते तर घोडी नाही, खुंटाही नाही! दोन्ही देवळापाशी.

मालक तिला घेऊन आले. खुंटा ठोकला. माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "तू गप बस."

मी बसले.