फोनवरच्या मालाला पट्टी नाही

भर बाजारात बांगडीवालीचं लुगडं भिजलं. मी पट्टीचं पावतीपुस्तक घेऊन तिच्यापुढंच उभी होते. बायकांच्या संडासाला कुलूप होतं आणि ती सकाळपासून दाबून बसली होती.

"फाड आता पावती, मावशी," ती म्हणाली. "पोरी बांगड्यासुद्धा फोनवर मागवतात. त्या पार्सलच्या गाडीवाल्याला माग की पैसे! का आम्हीच घावतो?"

आमचं गाव चिकलठाण्याच्या पुढं. आठवडी बाजारात जागेची पट्टी गोळा करायचं काम ग्रामपंचायतीनं मला दिलंय. शाळा चौथीपर्यंत, पण पावती नीट लिहिते. त्याच पैशातून बाजार झाडला जायचा, संडास धुणाऱ्या बाईला पगार मिळायचा. गिऱ्हाईक घटलं, तशी दुकानं उठली. पट्टी आटली. ती बाई काम सोडून गेली, मग कुलूप लागलं.

दोन पोती धरून बांगडीवालीला आडोसा केला आणि तशीच रस्त्यावर गेले. पार्सलवाल्याची मोटरसायकल अडवली.

"पट्टी भर. आमच्या गावात माल विकतोस."

"मैं किधर बेचता, खाला? मैं तो खाली पहुंचाता."

"कुणाच्या घरी?"

त्यानं पुडकं पुढं केलं. पत्ता वाचला, तर माझ्याच घरचा. सुनेनं चादरी मागवल्या होत्या. भाजीवाल्या हसल्या. "मावशी, फाड पावती सुनेच्या नावानं!" बांगडीवाली हसली नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रामसेवकाला विचारलं, फोनवाल्यांकडून का घेत नाही?

"आजी, आपल्याला फक्त बाजारात बसणाऱ्याकडून घेता येतं. फोन कुठं बसतो, सांगा."

"मग त्या मालावर कर नाही?"

"आहे ना. जीएसटी. तो वर जातो."

"वरून खाली किती येतो?"

"ते ठरवणं आपल्या हातात नाही."

"आणि संडास?"

तो कागद चाळत बसला. माणूस वाईट नाही. पण त्याला लुगडं बदलायची वेळ आली नव्हती.

चादरी मी परत पाठवल्या नाहीत. स्वस्त होत्या. पट्टी अजून बसणाऱ्यांकडूनच घेते.

कुलूप तसंच आहे. बाजारात बसणाऱ्या अकरा बायका आणि बारावी मी. बाजाराच्या दिवशी आम्ही सकाळपासून पाणी पीत नाही.