बातमीदाराचं नाव

त्या प्रकरणात मी दोघांशी खोटं बोललो. आधी भावाशी, मग बहिणीशी. नोकरीतली बाकीची प्रकरणं आता एकमेकांत मिसळायला लागली आहेत. कुठल्या पोलीस ठाण्यातली कुठली चोरी, हे आठवायला मला वेळ लागतो. हे एक मात्र सगळं आठवतं आणि आठवलं की एका जागी बसवत नाही. नावं कुणाचीच लिहीत नाही. त्यांची लिहिण्याचा हक्क मी तेव्हाच गमावला.

तेव्हा मी कल्याण भागातल्या एका पोलीस ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होतो. गुन्हे प्रकटीकरण पथक माझ्याकडे होतं. विधिमंडळाचं अधिवेशन सुरू होतं आणि ठाणे जिल्ह्यातल्या एमडीच्या विक्रीवर सभागृहात प्रश्न आला होता. एमडी म्हणजे ती पांढरी पावडर. तरुण पोरं जागं राहायला म्हणून घेतात आणि मग तिच्याशिवाय त्यांना उठवत नाही. सभागृहात प्रश्न आला की मंत्र्यांना उत्तर द्यावं लागतं, उत्तरासाठी आकडे लागतात, आणि ते आकडे वरून खाली मागत मागत शेवटी आमच्या टेबलावर येतात. आमचे एक जुने हवालदार म्हणायचे, "अधिवेशन त्यांचं आणि परीक्षा आपली." विशेष मोहिमेचा आदेश आला. वरिष्ठांनी बैठकीत स्पष्ट सांगितलं की नशा करणाऱ्यांच्या केसेस पुष्कळ झाल्या, आता विकणारे दाखवा.

त्याच आदेशात जनजागृतीही होती. म्हणून आंबिवलीतल्या एका विहाराच्या सभागृहात मी भाषण केलं. कायद्यातली तरतूद समजावून सांगितली. ज्याच्याकडे अगदी थोडा माल आहे आणि जो स्वतःच व्यसनी आहे, तो उपचाराला तयार झाला आणि त्याने उपचार पूर्ण केले तर त्याच्यावर खटला चालत नाही, हे सांगितलं. घरात कुणी अडकलं असेल तर लपवू नका, आमच्याकडे या, तुमचं नाव कुणालाही कळणार नाही, असंही सांगितलं. टाळ्या चांगल्या पडल्या.

त्यानंतर काही दिवसांनी सकाळी ती आली. तिशी ओलांडलेली, कल्याणच्या एका लॅबमध्ये रुग्णांचं रक्त घेण्याचं काम करणारी. आईवडील गेलेले, घरात ती आणि तिच्याहून बराच लहान भाऊ. भाऊ लिफ्टचा मेकॅनिक. घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरांमध्ये त्याची ड्युटी असायची, कधी दिवसा, कधी रात्री. ठाणे अंमलदाराने तिला तक्रार अर्ज लिहायला सांगितला, तेव्हा ती म्हणाली, मी तक्रार करायला नाही आलेली, मला भाषण केलेल्या साहेबांना भेटायचंय.

माझ्यासमोर बसल्यावर तिने फार वेळ घेतला नाही. भाऊ झोपत नाही, जेवत नाही, चिडतो, त्याच्या हत्यारांच्या पिशवीत तिला पुड्या सापडल्या होत्या. मी तिला चहा मागवला. तिने तो घेतला नाही.

"साहेब, तुम्ही बोललेलात ना, उपचाराला पाठवता म्हणून. मला ते पाहिजे. बाकी काही नको."

मी म्हणालो, बघतो.

"आणि त्याला माझं नाव नका सांगू. मी त्याची ताई पण आहे आणि आई पण. त्याला कळलं ना, तर तो मला घरात असून नसल्यासारखा करेल."

मी म्हणालो, ताई, निश्चिंत जा. तेव्हा ते मी खोटं म्हणालो नव्हतो, एवढं मला स्वतःसाठी सांगावंसं वाटतं. पण ती पायऱ्या उतरून गेली आणि मी विचार करायला लागलो की पुड्या आल्या कुठून. मोहीम संपायला आली होती आणि आमच्या पोलीस ठाण्याच्या नावावर विक्रीची एकही केस नव्हती. मी वरिष्ठांना फोन केला. उपचाराचा विषय काढला तेव्हा ते वैतागले. व्यसनमुक्ती केंद्रात खाट मिळेपर्यंत अधिवेशन संपेल, म्हणाले. मी वाद घातला नाही. खरं सांगायचं तर मला तो घालायचाही नव्हता.

स्टेशन डायरीत मी नोंद केली, 'गुप्त बातमीदाराकडून खात्रीलायक बातमी मिळाली.' दोन पंच घेतले आणि आंबिवली रेल्वे स्टेशनबाहेर सापळा लावला. संध्याकाळी तो कामावरून उतरला. राजपत्रित अधिकाऱ्यासमोर झडती घेण्याचा त्याचा हक्क त्याला समजावून सांगितला, सगळं रीतसर केलं. हत्यारांच्या पिशवीत पुड्या मिळाल्या. पावडर पुड्यांतून काढून वेगळी मोजायची असते. मी प्लास्टिकच्या पुड्यांसकट काट्यावर ठेवली. असं केल्यावर वजन कायद्यातल्या अल्प प्रमाणाच्या जरासं वर गेलं. पंचनाम्यात तेवढंच लिहिलं. वजन अल्प प्रमाणात राहिलं असतं तर तो उपचाराला पात्र रुग्ण ठरला असता. त्या प्लास्टिकने तो विक्रेता झाला. हवालदारांनी काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि लाखेचा डबा पुढे केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौकशीला बसवला. अंगावर हात टाकायचा नाही, हा माझा नियम होता आणि त्याचा मला अभिमान होता. पोरगा सडपातळ, नखांत ग्रीस. सारखा गुडघा हलवत होता. माल कुणी दिला, एवढंच मला हवं होतं. रस्त्यावर मिळाला, ओळखत नाही, एवढंच तो बोलत राहिला. मी समजावलं, धमकावलं, पाणी दिलं. काही उपयोग झाला नाही. वरून दर तासाला विचारणा होत होती. मग मी खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"कुणासाठी गप्प बसतोस? तुला तुझ्या घरच्यांनीच दिलंय आमच्या ताब्यात."

"कोण घरचे?"

"किती जण आहेत तुझ्या घरी?"

त्याचा गुडघा हलायचा थांबला. मी एवढ्यावर थांबलो असतो तरी गुन्हा झालाच होता. पण तो अजून फुटला नव्हता, म्हणून मी पुढे गेलो.

"ती म्हणाली, याला आत टाका, मला एकदाची सुटका मिळू दे."

"ताई असं बोलली?"

"समोर बसून बोलली. तू बसलायस त्याच खुर्चीत."

त्याने पाण्याचा ग्लास बाजूला सारला. मग सांगायला लागला, सपाट आवाजात, जणू दुसऱ्याच कुणाची हकिकत आहे. घोडबंदर रोडवर भाड्याने राहणारा एक माणूस, टॉवर कुठला, विंग कुठली, मजला कुठला, लिफ्ट दुरुस्त करताना ओळख कशी झाली, सगळं. मी लिहून घेत होतो आणि मला आनंद होत होता, हे कबूल करायला हवं. त्याच दिवशी आम्ही त्या फ्लॅटवर छापा घातला. माल मोठा निघाला. पत्रकार परिषद झाली, टेबलावर मुद्देमाल मांडून फोटो निघाले, सभागृहातल्या उत्तरात आमची कारवाई गेली. मला प्रशस्तिपत्र मिळालं.

तो पुरवठादार पकडला याचं मला आजही वाईट वाटत नाही. त्याला सोडायला नकोच होता. पण त्याच्यापर्यंत जायला मी कुणाच्या अंगावर पाय देऊन गेलो, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही आणि मीही स्वतःला विचारला नाही.

ती कोठडीबाहेर डबा घेऊन आली. पहिल्यांदा मला वाटलं शिव्या देईल. उपचाराचं काय झालं, असं तिने विचारलं तेव्हा मी वजन जास्त भरल्याचं सांगितलं, माझ्या हातात काही राहिलं नाही म्हणालो. तेवढ्यात पहारेकरी शिपाई डबा तसाच परत घेऊन आला.

"घरचं नको म्हणतो. इथलं मिळेल ते खातो, म्हणाला."

ती माझ्याकडे वळली. "त्याला कळलं का साहेब?"

"आमच्याकडून कसं कळेल, ताई?" मी म्हणालो.

हे माझं दुसरं खोटं. ते बोलायला मला क्षणही लागला नाही. ती मान हलवून निघाली. पुढे वर्षानुवर्षं ती स्वतःलाच दोष देत राहिली, आपल्याच वागण्यावरून त्याने ओळखलं असणार, असं समजून. हे मला फार उशिरा कळलं.

खटला ठाण्याच्या विशेष न्यायालयात चालला. जामिनाचा अर्ज एकदा फेटाळला गेला, मग तारखा पडत राहिल्या. माझी साक्ष लागली तेव्हा तो अजून आतच होता, आणखी वाळलेला. ती बाहेरच्या बाकावर बसलेली दिसली. उलटतपासणीत आरोपीच्या वकिलांनी विचारलं, बातमी कुणी दिली? अंमली पदार्थांच्या कायद्यात अधिकाऱ्याला मोठं संरक्षण आहे. बातमी कुठून मिळाली हे सांगायला त्याला कुणी भाग पाडू शकत नाही, न्यायालयसुद्धा नाही. कायदा करणाऱ्यांनी हे फार विचार करून घातलं असावं, कारण नाव फुटलं की माणूस मरतो. मी ताठ उभा राहून म्हणालो, "बातमीदाराचं नाव उघड करता येणार नाही."

आरोपीच्या पिंजऱ्यात तो हसला. मोठ्याने नाही, नाकातून.

न्यायाधीशांनी विचारलं, काय झालं हसायला?

"काही नाही साहेब," तो म्हणाला. "सॉरी."

त्या पिंजऱ्यासमोर मी उरलेली साक्ष कशी दिली ते मला माहीत नाही. वजनाचा प्रश्न आला तेव्हा मी अडखळलो. पुड्यांसकट मोजल्याचं मान्य करावं लागलं. न्यायालयाने माल अल्प प्रमाणात धरला. त्या गुन्ह्याला जेवढी शिक्षा होऊ शकते, त्याहून जास्त काळ तो आधीच आत काढून बसला होता. त्याला सोडलं. तो कोर्टाच्या जिन्याने उतरला आणि बाकावरून उठलेल्या बहिणीच्या शेजारून, तिला न पाहता, रस्त्यावर गेला. मी वरच्या मजल्याच्या कठड्याशी उभा होतो. ती तशीच हात पुढे करून थांबली होती.

नंतर माझी बदली झाली, पुढे बढती, मग निवृत्ती. डोंबिवलीत घरी बसून टीव्ही पाहतो. अधिवेशनात अजून ड्रग्जवर चर्चा होते. शिक्षा वाढवा, टोळ्यांना संघटित गुन्हेगारीचा कायदा लावा, वगैरे. टोळ्यांना लावायलाच हवा, तो कडक असायलाच हवा, मी त्या बाजूचा आहे. पण मला त्या चर्चेत शांत बसता येत नाही. आम्ही दर महिन्याला जो तक्ता पाठवायचो त्यात गुन्हे किती, आरोपी किती, माल किती, असे रकाने होते. उपचाराला किती पाठवले, हा रकानाच नव्हता. तरतूद कायद्यात होती, ती माझ्या भाषणात होती, माझ्या कामात नव्हती. रकाना असता तर मी वेगळा वागलो असतो का? स्वतःला बरं वाटावं म्हणून हो म्हणावंसं वाटतं. आणि तरी बहिणीचं वाक्य मी बदललं, ते कुठल्या तक्त्याने करायला लावलं नव्हतं. पैसे घेऊन माहिती देणाऱ्या सराईत खबऱ्याचं नाव मी आयुष्यात कधी फोडलं नाही. ती खबरी नव्हती, फक्त घरची बाई होती, म्हणून तिचं नाव मला हलकं वाटलं. ही केस मला एवढंच शिकवून गेली, आणि त्या शिकवणीची किंमत त्या दोघांनी मोजली.

यंदा मी आंबिवलीला गेलो. ती त्याच चाळीत राहते, एकटी. तिने मला ओळखलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. तिने काय मागितलं होतं, भावासमोर मी तिच्या तोंडी काय घातलं आणि तिने विचारल्यावर कसं खोटं उत्तर दिलं. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही.

"म्हणजे मी इतकी वर्षं उगाचच शोधत बसले, माझं काय चुकलं ते," ती म्हणाली. मग उठून दार उघडून उभी राहिली. "मला सांगून काय करू मी? त्याला सांगा."

पत्ता तिच्याकडे होता, पण तिथे जायची तिची हिंमत कधी झाली नव्हती. तो भिवंडीकडच्या एका गोदामात माल चढवायच्या लिफ्टची देखभाल करतो. जुन्या लिफ्टच्या कंपनीने पुन्हा घेतलं नाही, गुन्हा नोंद आहे ना. नशा सुटली आहे. गोदामाच्या फाटकासमोर चहाची टपरी आहे, तिथे तो मला भेटायला आला, कारण मी निरोपात नाव सांगितलं नव्हतं. पाहिल्यावर निघूनच चालला होता. मी उभ्या उभ्याच बोललो. ती उपचार मागायला आली होती. तिने तुला कळू देऊ नका म्हणून विनवलं होतं. 'आत टाका' हे वाक्य माझं.

तो ऐकत होता. चहावाल्याने दोन ग्लास ठेवले. कुणी उचलले नाहीत.

"हे तिला सांगितलंत?"

"कालच."

"आणि मी तुमच्यावर विश्वास ठेवू? तेव्हा पण तुम्ही असंच डोळ्यांत बघून बोललेलात."

त्याने खिशातून फोन काढला. तिचा नंबर सेव्ह नव्हता, पण त्याला पाठ होता. त्याने तो दाबला, स्पीकर लावला आणि फोन बाकड्यावर माझ्यासमोर ठेवला.

"आता परत बोला. तिला ऐकू जाऊ दे."

दोन वेळा वाजला.

"हॅलो?" ती म्हणाली. "कोण बोलतंय?"

त्याने मला बोलायची खूण केली. मी वाकलो.

"ताई, मी बोलतोय, काल आलेलो तो. हा फोन तुमच्या भावाचा आहे आणि तो इथे समोर उभा आहे. तुम्ही त्याला पकडून द्यायला आला नव्हतात. तुम्ही त्याच्यासाठी औषध मागायला आला होतात. मी त्याला खोटं सांगितलं आणि तुम्हालाही खोटं सांगितलं. चूक तुमची नाही, त्याचीही नाही. ती माझी आहे. मी तुम्हा दोघांची माफी मागतो."