प्लग न लावलेली गिटार

सुधीर इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा, पण तिचा प्लग कधी लावायचा नाही. चौबे कॉलोनीतल्या त्याच्या घरी मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा तो गिटारच्या लाकडावर हनुवटी दाबून वाजवत बसला होता. मला तारांची नुसती टिकटिक ऐकू येत होती. "इथं कान लाव," तो म्हणाला. मी कान टेकवला आणि दचकलो. आतून कोणी दारावर धडका देत असावं, तसा तो आवाज होता.

पलीकडच्या खोलीत त्याचे बाबा अंथरुणाला खिळून होते. लकव्याने उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. घरात शांतता ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हापासून त्या घरात टीव्हीसुद्धा पुटपुटायचा. सुधीर एकुलता एक. कॉलेजात त्याचा बँड होता. बाकीचे पुण्या-बंगलोरला गेले, हा ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर आला.

ग्रंज हे रॉक संगीताच्या एका प्रकाराचं नाव मी त्याच्याकडूनच ऐकलं. मला तो सगळा गोंगाट वाटायचा. जेवणाच्या सुट्टीत एकदा तसं बोललो, तर तो चिडला नाही.

"पहिले गानारा हळू गाते, घरात कोणी झोपलं असल्यावानी," तो म्हणाला. "मंग एकदम फुटते. पन फुटूनही कुठं जात नाही, तिथंच राहते. म्हणून मले तो आपला वाटते."

एका रविवारी दुपारी शहराच्या कडेला भनपुरीत ओळखीच्या ट्रान्सपोर्टवाल्याचं गोदाम रिकामं मिळालं. ॲम्प्लिफायर आम्ही ऑटोत घालून नेला. सुधीरने तारा छेडल्या आणि छपराचे पत्रे थरथरले. घसा फाटेस्तोवर तो गायला. शब्द मला कळले नाहीत, पण या वेळी तो मला गोंगाट वाटला नाही. गाणं अर्ध्यावर असताना त्याने घड्याळ पाहिलं. बाबांची कूस बदलायची वेळ झाली होती. गाणं तिथंच तोडून तो ॲम्प्लिफायरची वायर गुंडाळायला लागला.

पुढे नागपूरच्या एका बँडने बोलावलं, तरी तो गेला नाही. बाबा दुसऱ्याच्या हातून जेवत नाहीत, एवढंच त्याने सांगितलं.

गेल्या हिवाळ्यात बाबा गेले. तेरावं उरकल्यावर मी भेटायला गेलो, तर जिन्यापासूनच खिडक्यांच्या काचा वाजताना ऐकू आल्या. बाबांच्या खोलीत सुधीर प्लग लावून वाजवत होता. स्वयंपाकघरातून काकू, म्हणजे त्याची आई, आल्या, तसा त्याने घाईने तारांवर हात ठेवला.

"काहून थांबला?" काकू म्हणाल्या. "तुह्या बाबाले एकदा तरी ऐकवायचं होतं रे. ते बी इतकी वर्सं आतल्या आत ओरडूनच राहिले होते."

 सुधीर गिटार गळ्यात तशीच अडकवून रिकाम्या पलंगाच्या कडेला बसला. काकूंनी चहा केला. तो पिऊन मी खाली उतरलो आणि गिटार पुन्हा वाजेल म्हणून फाटकापाशी बराच वेळ थांबलो. वरून काहीच ऐकू आलं नाही.