‘युझुफ्रक्ट’चं कार्ड

कोर्टात सगळे त्यांना कार्डवाले म्हणत. हुद्दा भाषांतरकाराचा, पण ओळख होती ती पोलादी कपाटातल्या कार्डांमुळे. एकतीस वर्षांत भेटलेला प्रत्येक अवघड इंग्रजी शब्द त्यांनी कार्डावर उतरवला होता. पुढे अर्थ आणि पाठीवर तो शब्द वापरलेलं एक वाक्य. “नुसत्या अर्थावर विसंबू नये,” ते नव्या लोकांना सुनावत. “शब्द चारचौघांत कसा वागतो, तेही बघावं. भाडेकरू ठेवताना चौकशी करतो ना, तशी.” नव्या लोकांना हे तोंडपाठ झालं होतं आणि त्यांची नक्कलही छान जमत होती. माणूस शिस्तीचा होता खरा, पण शिस्तीपेक्षा तिचा तोरा मोठा.

त्या दिवशी पावणेअकराला एक म्हातारी बाई त्यांच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. तिला घराबाहेर काढायला सावत्र मुलानं दावा लावला होता आणि साडेअकराला निकाल होता. नवऱ्याचं मृत्युपत्र इंग्रजीत होतं. त्याचं भाषांतर कार्डवाल्यांनीच शिक्का मारून दिलेलं.

“भाऊ, एवढंच सांगा,” ती म्हणाली. “तुम्ही लिहिलंय, मला घराचा तात्पुरता वापर. तात्पुरता म्हणजे किती? आमचे हे तर म्हणायचे, तू आहेस तोवर तुला कोणी हलवणार नाही.”

“मावशी, माणसं घरात बोलतात एक आणि कागदावर लिहितात भलतंच. मूळ शब्द आहे युझुफ्रक्ट. शंभरातला एखादा वकीलसुद्धा तो वापरत नाही. थांबा, दाखवतोच.”

त्यांनी कार्ड काढलं. पुढच्या बाजूला त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘तात्पुरता वापर’. खाली हा अर्थ जिथं जिथं दिला त्या प्रकरणांचे क्रमांक होते, चार जुने आणि पाचवा मावशींचा. त्यांनी ऐटीत कार्ड उलटलं. पाठ कोरी होती.

लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच! चोवीस वर्षांपूर्वी, कामाच्या रगाड्यात, त्यांनी खिशातल्या छोट्या कोशातून अर्थ उचलला होता आणि वाक्य उद्या लिहू म्हणून ठेवून दिलं होतं. तो उद्या उगवलाच नव्हता.

“मावशी, तुम्ही बसा जरा,” म्हणून ते जिन्याकडे पळाले. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस पळतो म्हणजे काय, तो घाईघाईनं धापा टाकतो. वर वाचनालयाला कुलूप! ग्रंथपालबाई नेमक्या चहाला गेलेल्या. त्या आल्या तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. कायद्याचा जाडजूड कोश उघडताना कार्डवाल्यांची बोटं दोनदा चुकीच्या पानावर गेली.

शब्द सापडला. वापर आणि फळ या दोन लॅटिन शब्दांची ती जोडी होती. वस्तू दुसऱ्याच्या मालकीची, पण वापरायची आपण आणि तिचं उत्पन्नही घ्यायचं आपण. फक्त ती मोडायची नाही की विकायची नाही. फळं खा, झाड तोडू नका. मुदत लिहिलेली नसेल तर हा हक्क हयातभराचा. मावशींच्या नवऱ्यानं मुदत लिहिलेली नव्हती.

खाली टायपिस्टबाईंनी त्यांचा चेहरा पाहूनच सगळं काढून घेतलं. “अहो, टायपिंगची चूक म्हणा,” त्या हळूच म्हणाल्या. “मी कबूल करते. तुमच्या निवृत्तीला चार महिने राहिलेत, आता शिक्का गेला तर?”

मोह झाला. खोटं कशाला बोला, चांगलाच मोह झाला. मावशी एव्हाना निकालासाठी आत जाऊन बसल्या होत्या; न्यायदालनाच्या दाराबाहेर उभे राहून त्यांनी दोनदा चष्मा पुसला. मग आतून मावशींच्या खोकल्याचा आवाज आला आणि ते दार ढकलून आत शिरले.

न्यायाधीशबाईंनी निकालाचा कागद हातात घेतलाच होता.

“मॅडम, भाषांतर चुकलंय. चूक माझी आहे.”

“वा! निकालाच्या दिवशी साक्षात्कार!” मुलाचा वकील म्हणाला आणि मागे दोघंतिघं हसले. कार्डवाल्यांनी बगलेतला कोश उघडून ते पान पुढे केलं. न्यायाधीशबाईंनी ते सावकाश वाचलं, मृत्युपत्र वाचलं, पुन्हा ते पान वाचलं. भिंतीवरचं घड्याळ आज जास्तच मोठ्यानं वाजत होतं.

“निकाल पुढे ढकलते,” त्या म्हणाल्या. “नवं भाषांतर आणा. तोवर बाई घरातच राहतील.”

मावशींनी डोळ्यांना रुमाल लावला. कार्डवाले मागे वळले.

“थांबा. हा शब्द तुमच्याकडे याआधी आला होता?”

कार्ड खिशात होतं. नाही म्हटलं असतं तर कोणाच्या बापालाही कळलं नसतं.

“चार वेळा,” ते म्हणाले. “आणि चारही वेळा मी हेच लिहिलं.”

पिशवी उचलायला वाकलेल्या मावशी तशाच थांबल्या.

“भाऊ,” त्यांनी विचारलं, “मग ती माणसं आता कुठं राहतात?”

“माहीत नाही, मावशी,” कार्डवाले म्हणाले. “मी कधी विचारलंच नाही.”