कोटाच्या कापडावर पाणी

केजच्या स्टँडवर जीप भरायची वाट बघत बसले होते. समोरच्या बाकावरच्या पोरीनं पिशवीतून करड्या लोकरीचं कापड काढलं आणि विचारणं वगैरे काही नाही, दोन टोकं सरळ माझ्या हातात दिली. "मावशी, ताणून धरा." ती कापड विणायच्या कॉलेजात शिकत होती. श्रीमंतांच्या महागड्या कोटांसाठी हा नमुना तिनं स्वतः विणला होता. उरलेली दोन टोकं तिनं एका हातात धरली आणि मधोमध बाटलीतलं पाणी ओतलं.

"अगं, एवढं चांगलं कापड! पाणी कावून ओतायलीस?"

"आमी धनगर, मावशी. पाणी वतून बघितल्याबिगर घोंगडी घेत न्हाईत आमच्यात."

पाणी तळ्यासारखं साचून राहिलं. आम्ही दोघी वाकून खालून बघत होतो. बऱ्याच वेळानं एक थेंब माझ्या पायावर पडला. मलाच वाईट वाटलं. ती मात्र हसली.

"सर म्हणले, लई झ्याक हाय. कोटवाल्याला चालंल बी," कापड पिळत ती म्हणाली. "पण माझ्या बापाच्या खांद्याला न्हाई चालायचं. परत विणते."

हल्ली लग्नात नवरदेवाचा भारी कोट दिसला, की माझा हात पाण्याच्या बाटलीकडे जातो.